अनुभव धागा: 'टाइम' या गाण्यातली कुठली ओळ तुम्हाला उशिरा कळली?

पुणे, वय ४७

गेल्या महिन्यात घराला रंग काढला. माळ्यावरून उतरवलेल्या खोक्यात २००४ सालची एक डायरी निघाली, फुकट मिळालेली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एकांकिकेचं नाव, खाली पात्रांची यादी, मग एक प्रवेश. तोही अर्धाच. त्यानंतर थेट दुधाचा हिशोब. पिंक फ्लॉइड या इंग्रज रॉक बँडच्या 'टाइम'मध्ये बेतांचं काय होतं ते सांगताना अर्धं पान खरडलेल्या ओळींचा उल्लेख येतो. ती ओळ मी पंचवीस वर्षं गुणगुणतोय. ती माझ्या डायरीबद्दल आहे हे मला त्या दिवशी शिडीवर उभा असताना कळलं.

मी मराठी माध्यमाचा. हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते हॉस्टेलवर, कॉपीची कॉपी केलेल्या कॅसेटवर. शब्द कळायचा प्रश्नच नव्हता. सुरुवातीला सगळी घड्याळं एकदम ठणाणा करायला लागली की शेजारच्या खोलीतला दार बडवायचा, एवढीच मजा. (घड्याळं खरी आहेत. अ‍ॅलन पार्सन्स या ध्वनी अभियंत्याने जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक घड्याळ वेगवेगळं टेप केलं होतं, तेही भलत्याच कामासाठी.) गाणं १९७३ सालचं, 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बममधलं. शब्द बँडमधल्याच रॉजर वॉटर्सचे, आणि लिहिले तेव्हा तो तिशीचाही नव्हता. आपण अजून आयुष्याची तयारी करतोय असं वाटत होतं आणि ते तर केव्हाच सुरू झालंय हे एकदम लक्षात आलं, असं त्याने नंतर सांगितलंय. त्याला एकोणतिशीच्या आत कळलं. मला रंगारी घरात आल्यावर.

तर कुठली ओळ, आणि कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, हे लिहा. गिल्मोरच्या गिटार सोलोवर कृपया इथे सुरू होऊ नका. तो वेगळा धागा आहे.

परभणी, वय ३६

शर्यत सुरू करणारं पिस्तूल. कधी पळायचं ते कुणी सांगितलं नाही, बार उडाला तो ऐकूच आला नाही, ती ओळ.

सहा वर्षं सदाशिव पेठेत एमपीएससी केली. अभ्यासिकेत माझी जागा ठरलेली, खिडकीजवळची, पंखा न पोचणारी. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो. रूमवरच्या एकाकडे हे गाणं होतं, त्याच्या एका कानात आणि माझ्या एका कानात असं ऐकायचो. तेव्हा वाटायचं, हे माझंच आहे.

आता गावी दुकान आहे आणि आता ती ओळ पटत नाही. आमच्याकडे 'कुणी सांगितलं नाही' असं होतं का कधी? मला पहिलीपासून सगळे सांगत होते. वडील, मामा, गुरुजी, शेजारचे पाटील. रोज बार उडत होता. इतके बार उडाले की खरा कुठला तेच कळेना. खुल्या गटाची वयोमर्यादा अडतीस आहे, म्हणजे कागदोपत्री मी अजूनही धावू शकतो. आई अधूनमधून जाहिरातीचं कात्रण गल्ल्याजवळ ठेवते. मी ते उचलून वहीत घालतो. फेकवत नाही.

ठाणे

मी फक्त ड्रमर निक मेसनच्या रोटोटॉमसाठी, म्हणजे सुरुवातीच्या त्या ड्रम्ससाठी ऐकतो. दोन मिनिटं नुसतं धूम धूम, गाणाऱ्याचा पत्ता नाही. शब्द सुरू झाले की निम्म्या वेळा बंद करतो. सॉरी.

पुणे, वय ४७

ठाणेकर, माफ केलं. परभणी, तुम्ही जे लिहिलंय त्यावर काय बोलावं सुचत नाहीये.

लेस्टर, इंग्लंड

मला नडली ती इंग्रजांवरची ओळ. आतल्या आत हताश होऊन तगून राहणं ही इंग्रजांची रीत, असं ते म्हणतात. इथे येऊन अकरा वर्षं झाली. ऑफिसात माझ्या शेजारी एक बाई बसायच्या. रोज सकाळी मी 'कशा आहात' विचारायचे, त्या 'नॉट टू बॅड' म्हणायच्या. त्यांचा नवरा आठ महिने अंथरुणाला खिळून होता हे मला तो गेल्यावर, सगळ्यांसाठी फिरवलेल्या कार्डावर सही करताना समजलं. त्या दिवशी गाडीत हे गाणं लागलं आणि मी ते बंद केलं.

तेव्हा मनात आलं होतं, काय ही माणसं! मग घरी फोन केला. भावाला विचारलं, कसं चाललंय? तो म्हणाला, 'चाललंय.' त्याची नोकरी दोन महिन्यांपूर्वी सुटली होती, तेही वहिनीकडून कळलं. आता सांगा, ही इंग्रजांची रीत कशी? आणि तसं बघायला गेलं तर जवळजवळ हेच शब्द थोरो या अमेरिकन माणसाने 'वॉल्डन'मध्ये १८५४ सालीच लिहून ठेवलेत, तेही बहुतेक सगळ्याच माणसांबद्दल. वॉटर्सने ते इंग्रजांच्या खाती टाकले. आमच्या घरचे त्यातून सुटले इतकंच.

नाशिक, वय ५२

सूर्य तोच आहे, तू मात्र थोडा म्हातारा झालास आणि धाप आधीपेक्षा लवकर लागते. असं काहीसं आहे ना? मला ही ओळ नेहमी भरतीची वाटायची. यमक जुळवायला घातलेली.

वडील आणि मी दर रविवारी पांडवलेणी चढायचो. दोनशेच्या आसपास पायऱ्या. माझ्या शाळेपासूनचा नेम, आणि ते कायम पुढे. बोलणं नाही, मागे वळून बघणं नाही, वर पोचल्यावर खिशातून दोन लिमलेटच्या गोळ्या. मग एका पावसाळ्यानंतर ते मध्येच थांबायला लागले. थांबले असं म्हणायचे नाहीत. खाली महामार्गाकडे बोट करून म्हणायचे, 'बघ, किती ट्रक वाढलेत.' पुढच्या वळणावर, 'ती नवी बिल्डिंग कुणाची रे?' मला वाटायचं, उतारवयात बाबा बोलके झाले. बरं वाटायचं, खरं सांगते. बिल्डिंग कुणाची ते मी दुसऱ्या दिवशी चौकशी करून त्यांना सांगायचेसुद्धा.

एका रविवारी त्यांनी त्याच बिल्डिंगबद्दल दुसऱ्यांदा विचारलं आणि मी उत्तर द्यायच्या ऐवजी त्यांच्याकडे बघितलं. एक हात रेलिंगवर. बोटांची पेरं पांढरी पडलेली. वाक्य तीन तुकड्यांत येत होतं. ऊन मात्र माझ्या लहानपणी यायचं तिथूनच, तसंच तिरकं, पायऱ्यांवर पडलेलं. गाणं डोक्यात आपोआप सुरू झालं. मी म्हटलं, 'बाबा, मला दम लागलाय, बसू या.' ते लगेच बसले.

आता चढत नाही. रविवारी पायथ्याशी जाऊन चहा घेतो. गोळ्या अजून तेच आणतात.

अमरावती, वय ६८

मुलाच्या खोलीतून हा घड्याळांचा गोंगाट पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या सासूबाई जिवंत होत्या. माळ ओढता ओढता म्हणाल्या, 'घटका गेली, पळे गेली, तास वाजे झणाणा.' नातू खोलीतून बाहेर येऊन विचारतो, आजी, तुला हे गाणं येतं? पुढची ओळ त्यांनी म्हणून दाखवली तेव्हा तो हिरमुसला, कारण त्यात राम होता.

वसई

माझी ओळ अगदी शेवटची. घड्याळं, धावपळ, सगळं संपल्यावर गाणं घरी येतं, शेकोटीपाशी हाडं शेकत बसतं, आणि लांब शेतापलीकडून घंटेचा आवाज येतो, भाविकांना गुडघे टेकायला लावणारा. इंग्रजी गाण्यातल्या जागा आपल्याला नेहमी परक्या असतात. ही मला परकी नव्हती. आमची केळीची वाडी, पलीकडे चर्च, संध्याकाळी सातला घंटा झाली की आजी हातातलं सूप खाली ठेवायची आणि आम्ही अंगणातच उभे राहायचो. मळलेले पाय, डासांची भुणभुण, प्रार्थनेचे शब्द आणि मागून भाकरीचा वास. त्या ओळीच्या पुढे ते प्रार्थनेला हळू आवाजातला मंत्र म्हणतात. कॉलेजात मित्र म्हणायचे, तो टोमणा आहे, धर्मावरची टीका आहे. असेल. मला तो टोमणा कधी ऐकू आला नाही. बँडमधल्या रिक रायटचा ऑर्गन तिथे इतका मऊ वाजतो.

आता वाडीच्या आणि चर्चच्या मध्ये सात मजली दोन इमारती आहेत. घंटा होते, पण वारा असेल तरच येते.

नाशिक, वय ५२

वसई, तुमच्याकडची एक घंटा आमच्याकडे आहे, माहीत असेलच. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हाच्या विजयाची म्हणून नारोशंकराच्या देवळावर टांगलेली. पोर्तुगीज बनावटीची, गोदावरीकाठी.

वसई

ऐकून आहे, बघितलेली नाही. भीमाशंकरची बघितली आहे. तीही वसईचीच म्हणतात. तिच्यासमोर उभा राहिलो तेव्हा नमस्कार करावा की क्रॉस काढावा ते कळेना.

नाशिक, वय ५२

मग या एकदा. रविवारी या, म्हणजे बाबाही येतील. तिथे चढ नाही, रिक्षा जवळपर्यंत जाते.