मदत हवी आहे: मूसच्या शिकारीला .३३८ रायफल घेऊ की .३७५?

रानवाट: नमस्कार मंडळी. सप्टेंबरात अलास्कात नेलचिना खोऱ्यात मूसच्या (तिकडचं अवाढव्य हरीण) शिकारीला जायचंय. दोघं मित्र, आठ दिवस, राफ्टने. भागात ग्रिझली अस्वलं भरपूर. .३३८ विनचेस्टर मॅग्नम आणि .३७५ एच अँड एच या दोन काडतुसांच्या रायफलींत अडकलोय. दुकानात प्रत्येक जण वेगळं सांगतो. शनिवारी पैसे भरायचेत. "शिकार का करता" हा विषय कृपया नको, हिवाळ्यासाठी फ्रीझर भरायचाय. दोन्हींतली कुठली, एवढंच सांगा.

फेअरबँक्सकर: व्हिसा कुठला? अलास्कात किती दिवस झाले? आजवर काय चालवलंय? नागरिकत्व नसेल आणि वास्तव्याच्या अटीही पूर्ण होत नसतील, तर मूसलासुद्धा गाइड सक्तीचा. एच-१बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) असाल तर शिकारीचा वैध परवाना हातात असल्याशिवाय बंदूक बाळगणंच गुन्हा.

रानवाट: ग्रीन कार्ड आहे, अँकरेजमध्ये चौथं वर्ष. पण मी रायफलबद्दल विचारलंय.

केनायवाला: .३७५ घ्या आणि मोकळे व्हा. १९१२ सालचं काडतूस आहे, ३०० ग्रेनची (सुमारे १९ ग्रॅमची) गोळी. अस्वल झुडपातून वीस पावलांवर निघालं की तेव्हा ताकदच लागते. मी पंधरा वर्षं हेच वापरतोय. नवीच घेताय तर .३७५ रुगरही बघा. ते २००७ मध्ये आलं, काडतूस .३०-०६ या नेहमीच्या शिकारी काडतुसाएवढंच लांब, त्यामुळे रायफल आटोपशीर.

फेअरबँक्सकर: दादा, तुमचा हात बसलाय, त्यांचा नाही. .३७५ चा धक्का .३०-०६ च्या जवळपास दुप्पट. नवा माणूस तिसऱ्या गोळीपासून चाप ओढतानाच डोळे मिटतो, मग नेम पोटात जातो. जखमी मूसच्या मागे विलोच्या झाडीत शिरणं मला अस्वलापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं.

केनायवाला: सरावाने जातं ते. मझल ब्रेक लावा, नळीच्या तोंडाला बसवतात तो, धक्का कमी होतो.

फेअरबँक्सकर: ब्रेकने शेजारच्याच्या कानाची वाट लागते. शिकारीत कानाला काही लावलेलं नसतं.

माई_चंद्रपूर: रानवाटदादा, मला बंदुकीतलं कळत नाही, पण आमच्याकडे मोहफुलं वेचायला गेलेल्यांवर अस्वलं हल्ला करतात. दोघं सतत मोठ्याने बोलत चला, त्याला दुरूनच चाहूल लागली पाहिजे. आणि झाडावर चढू नका, आमची अस्वलं सरसर चढतात.

जुना_गडी: आमच्या आजोबांकडे पीक राखायला .३१५ होती. रानडुकराला एक गोळी पुरायची. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली.

रानवाट: माई, आभार. पण मूसच्या मागावर असताना बोलत कसं चालणार? जुना_गडी, .३१५ इथे कुणी विकत नाही. मी आजवर .२४३ या हलक्या रायफलने एक कॅरिबू (रेनडियर) मारलाय. दोन वर्षांपूर्वी उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, तेवढं सोडलं तर प्रकृती ठणठणीत.

फेअरबँक्सकर: अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! .३०-०६ घ्या. २०० ग्रेनची नॉस्लर पार्टिशन गोळी वापरा. तिच्या मधल्या पडद्यामुळे पुढचा भाग पसरला तरी मागचा अर्धा शाबूत राहतो आणि खोल जातो. फुप्फुसात बसली की मूस पडतो. खरी काळजी त्यानंतरची. पाचशे पौंड मांस एका दमात उचलता येत नाही आणि वासावर ग्रिझली येतं. एक जण कापत असेल तेव्हा दुसऱ्याने फक्त झाडीकडे बघायचं. मांस आतड्यांपासून दूर, उघड्यावर ठेवा. अस्वलासाठीचा मिरचीचा स्प्रे पट्ट्यावर हवा, सॅकमध्ये नको. जीव वाचवायला अस्वल मारावंच लागलं तर कातडं आणि कवटी राज्याकडे जमा करावी लागते.

केनायवाला: खांद्याचं ऐकून मीही .३७५ चा हट्ट सोडतो. पण .३३८ एकदा तरी चालवून बघा.

रानवाट: खांद्याचा एवढा फरक पडतो हे लक्षातच आलं नव्हतं. मित्राकडे .३०-०६ आणि .३३८ दोन्ही आहेत, गुरुवारी रेंजवर जातो. त्याची .३०-०६ टिक्का कंपनीची आहे, जेमतेम तीन किलोची. तशीच घेऊ?

फेअरबँक्सकर: वाहायला सोपी, पण हलकी तेवढी जास्त लाथ मारते. स्कोपसकट पावणेचार किलोपर्यंत जाईल अशी बघा. न गंजणारी स्टेनलेसच घ्या, सप्टेंबरात पाऊस थांबत नाही. आणि ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना गुरुवारच्या आधी फोन करा.

रानवाट: केला. उद्या बोलावलंय. शनिवारचे पैसे थांबवले.