मदत हवी आहे: माळावर आकाशातले रेडिओ आवाज ऐकवायचे आहेत, लाइनचा हम सगळं गिळतोय

माळरान:

गावाबाहेरच्या माळावर एका रात्रीचा श्राव्य प्रयोग ठरला आहे. विजांमधून निघणाऱ्या नैसर्गिक रेडिओ लहरी (व्हीएलएफ म्हणजे अतिशय कमी वारंवारितेच्या, साधारण 300 हर्ट्झ ते 10 किलोहर्ट्झ) जिवंत पकडायच्या आणि 30-40 जणांना हेडफोनवर ऐकवायच्या. आधी केलेलं रेकॉर्डिंग नको. त्या क्षणी आकाशात जे चाललंय तेच कानात यायला हवं.

रिसीव्हर असा: 1.5 मीटरची उभी पितळी नळी, 2एन3819 जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) सोर्स फॉलोअर म्हणून, त्याच्या गेटला म्हणजे इनपुटच्या टोकाला 100 मेगओहम (10 मेगओहमचे दहा रेझिस्टर मालिकेत), पुढे टीएल072 या ॲम्प्लिफायर चिपवर 40 डीबी गेन (शंभरपट वाढ). 9 व्होल्टची बॅटरी, प्लॅस्टिकचा डबा. घरगुती विजेच्या लाइनचे खांब 120 मीटरवर आहेत.

अडचणी तीन. एक, घूंऽऽ असा हम इतका की बाकी सगळं त्याच्याखाली दबतं. 50 हर्ट्झचा नॉच फिल्टर (तेवढीच एक वारंवारिता गाळणारा) शेवटी जोडला, काडीचा फरक नाही. डब्याच्या आतल्या ग्राउंडला बोट लावलं की मात्र हम जवळजवळ निम्मा होतो. दोन, सव्वा सेकंदाला एक 'टक्', घड्याळ लावून मोजावं इतका नियमित. तीन, लोकांपर्यंत आवाज न्यायला एका ट्रान्झिस्टरचा एफएम ट्रान्समीटर घेतला आहे. कोणी त्याच्या अँटेनाजवळून गेलं की स्टेशन सरकतं.

फेराइट:

हमचं मूळ तुमच्या 100 मेगओहममध्ये आहे.

दीड मीटरच्या उभ्या नळीची कपॅसिटी साधारण 15 पिकोफॅरड, त्यात जेफेटची आणि वायरिंगची मिळून 5 धरा, झाले 20. हे 20 पिकोफॅरड आणि गेटचा रेझिस्टर मिळून आपोआप एक हाय-पास फिल्टर, म्हणजे वरच्या वारंवारिता सोडून खालच्या दाबणारा फिल्टर, तयार होतो. 100 मेगओहमला त्याचा कोपरा (जिथून खाली दाबणं सुरू होतं ती हद्द) येतो 80 हर्ट्झवर, म्हणजे 50 हर्ट्झ जेमतेम 5-6 डीबीने कमी होतो आणि 150 ला तर मोकळं रान. 10 मेगओहम लावलेत की कोपरा 800 हर्ट्झवर जातो आणि 50 हर्ट्झ 24 डीबीने खाली येतो. रेझिस्टर मोठा तेवढी संवेदनशीलता जास्त, असा बऱ्याच जणांचा समज असतो. इथे वाढते ती फक्त खालच्या पट्ट्याची, आणि तिथे हमशिवाय तुमच्या कामाचं काहीही नाही.

नॉच का चालला नाही? हम इतका मोठा आहे की गेनचा टप्पा आधीच कापला जातोय. एकदा तरंगाची टोकं छाटली गेली की आकाशातल्या विजांच्या तडतडीवर हमचा ठसा बसतो, तो पुढचा कोणताही फिल्टर काढू शकत नाही. शिवाय लाइनचा हम फक्त 50 चा नसतो. 100, 150, 250, 350 अशी त्याची पिल्लं दोन किलोहर्ट्झपर्यंत सहज पोचतात. एक खड्डा खणून त्यातलं किती पुरणार?

बोट लावल्यावर हम कमी होतो याचा अर्थ सर्किटला जमीनच नाही. उभा अँटेना हा जोडीतला अर्धा भाग. दुसरा अर्धा जमीन, किंवा डबा हातात धरणाऱ्या माणसाचं शरीर. तेव्हा:

प्लॅस्टिक काढून धातूचा डबा घ्या, बॅटरी आतच ठेवा. सर्किटचं ग्राउंड डब्याला एकाच ठिकाणी जोडा. तिथून अर्ध्या मीटरची लोखंडी सळई ओलसर जमिनीत ठोका. लाइनच्या अर्थिंगला हात लावू नका, ते हमच घेऊन येईल. अँटेना आणि गेट यांच्यात 47 किलोओहम मालिकेत टाका, नाहीतर जवळचं मध्यमलहरी केंद्र जेफेटमध्ये शिरून बोलू लागतं. नळीच्या बुडाशी इन्सुलेटर कोरडा आणि स्वच्छ हवा. 10 मेगओहमच्या सर्किटला बोटाचा घामट ठसासुद्धा गळती ठरतो.

आणि 120 मीटर फार कमी. निदान 400-500 मीटर दूर जा. झाडाखाली मांडू नका. ओलं झाड उभं विद्युत क्षेत्र जमिनीत उतरवून टाकतं, त्याच्या पाच-दहा मीटरच्या आत आवाज स्पष्टपणे बसतो.

बांधावरून:

सव्वा सेकंदाचा 'टक्' म्हणजे कुंपणाचं झटका मशीन. आकाशातल्या विजेचे आवाज कधीच तालात येत नाहीत: दोन लगोलग, मग शांतता, मग मूठभर एकदम. ताल ऐकू आला की समजा माणसाचं यंत्र आहे.

मशीनपेक्षा जास्त त्रास तारेवरच्या ठिणग्यांचा असतो. गवत तारेला टेकलं असेल किंवा एखादा इन्सुलेटर तडकला असेल तर प्रत्येक झटक्याला ठिणगी पडते आणि ती अर्ध्या किलोमीटरवरही ऐकू येते. काळोखात कुंपणाच्या कडेने चालत गेलात तर ठिणगी डोळ्यांना दिसते. तेवढं गवत काढलं की 'टक्' खूपच मऊ होतो. पूर्ण बंद ठेवायचं असेल तर जनावरं गोठ्यात गेल्यावर, मालकाला विचारून, तासभर.

सौर पंपाचा कंट्रोलर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर हेही तपासा. लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

शांतलहर:

तिसऱ्या अडचणीबद्दल. एका ट्रान्झिस्टरच्या ट्रान्समीटरमध्ये अँटेना थेट ऑसिलेटरच्या टँकला (स्टेशनची वारंवारिता ठरवणाऱ्या कॉइल-कपॅसिटरच्या जोडीला) बांधलेला असतो. माणूस जवळ आला की टँकची कपॅसिटी बदलते आणि स्टेशन सरकतं. मध्ये एक बफर टप्पा (दोघांना वेगळं ठेवणारा) टाकला की सरकणं थांबतं. पण त्याआधी नियम पाहा. जपानमध्ये 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तेत्सुओ कोगावा यांनी मिनी-एफएमची चळवळ उभी केली, कारण तिथल्या कायद्यात अगदी क्षीण प्रक्षेपणाला परवान्याची गरज नव्हती. ती सूट इतरत्र गृहीत धरता येत नाही. परवाना लागत असेल तर 'फक्त शंभर मीटर जातंय' हे उत्तर चालत नाही.

तुमच्या कामाला त्याहून साधा मार्ग आहे: इंडक्शन लूप. आवाज वाहून नेणारी रेडिओ लहर (कॅरियर) नाही, वायरमधून थेट आवाजाचाच प्रवाह सोडायचा आणि आत उभ्या असलेल्या माणसाने कॉइलने तो उचलायचा. जर्मन कलावंत क्रिस्टिना कुबिश अनेक दशकं याच तत्त्वावर काम करत आहेत.

10 गुणिले 10 मीटरचा चौकोन, दोन फेरे, म्हणजे 80 मीटर वायर. 0.5 चौरस मिलिमीटरची घेतलीत तर रोध सुमारे 2.75 ओहम. मालिकेत 1.5 ओहम, 10 वॉटचा रेझिस्टर टाकला की ॲम्प्लिफायरला चार ओहमचा स्पीकर भासतो. एक अँपिअरला म्हणजे चारेक वॉटला चौकोनाच्या मध्यावर दर मीटरला सुमारे 0.18 अँपिअर क्षेत्र मिळतं. हेडफोन ॲम्प्लिफायर जोडलेल्या कॉइलला ते भरपूर आहे. 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासाच्या बॅटरीवर सहा-सात तास निघतील.

कॉइल म्हणून टेलिफोनला बाहेरून चिकटवून आवाज उचलणारी कॉइल किंवा 12 व्होल्टच्या जुन्या रिलेची कॉइल, हलणारी पट्टी काढून. कॉइल उभी धरायची, कारण आडव्या चौकोनात क्षेत्र उभं असतं. बरोबर वायरवर उभं राहिलं की क्षेत्र आडवं होतं आणि आवाज गायब. ही मृत रेघ पायाखाली शोधण्यात माणसं रमतात. कामाचा भाग म्हणून ती तशीच ठेवा.

अजून एक जमेची बाजू. ज्यांच्या श्रवणयंत्रात 'टी' ची (लूपचं क्षेत्र उचलणाऱ्या कॉइलची) सोय आहे, त्यांना हेडफोनसुद्धा लागणार नाही, थेट यंत्रातच ऐकू येईल. गावातल्या वयस्कर मंडळींना हे आधी सांगून ठेवा.

माळरान:

10 मेगओहम, धातूचा डबा, सळई, 450 मीटर अंतर. हम आता पार्श्वभूमीत गेला आणि पहिल्यांदाच तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज आला. गवत काढल्यावर 'टक्' फक्त कान देऊन ऐकला तर येतो. सगळ्यांचे आभार.

लूपही टाकला. रिसीव्हर त्याच्या कडेपासून 20 मीटरवर आहे. आवाज जरा वाढवला की कर्कश किंचाळी सुटते. मायक्रोफोनची असते तशी, पण इथे मायक्रोफोन कुठेच नाही.

शांतलहर:

तुमचा लूप आणि तुमचा रिसीव्हर एकाच पट्ट्यात काम करतात. 2 किलोहर्ट्झचा आवाज वायरमध्ये गेला की तो 2 किलोहर्ट्झचं व्हीएलएफ क्षेत्रच झाला, रिसीव्हर ते ऐकतो आणि परत वायरकडे धाडतो. आवाज कमी करणं हा उपाय नव्हे, अंतर हाच उपाय. लूपच्या आकाराच्या कितीतरी पट दूर गेलं की त्याचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं. दुप्पट अंतर म्हणजे आठवा हिस्सा. 250-300 मीटर ठेवा. रिसीव्हरसाठी उभी नळीच असू द्या. इथे चौकट-अँटेना वापरला असता तर जास्त अंतर लागलं असतं, कारण तो चुंबकीय क्षेत्रच उचलतो.

फेराइट:

आणि ते 300 मीटर साध्या दोन वायरींनी जोडू नका, सगळा हम परत येईल. नेटवर्क केबलमधली एक पिळलेली जोडी घ्या, दोन्ही टोकांना 600:600 ओहमचे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. दोन बाजूंची ग्राउंड एकमेकांना कुठेही भेटता कामा नयेत. रिसीव्हरची बॅटरी आणि ॲम्प्लिफायरची बॅटरीही वेगळी. जोडीचा जाऊन-येऊन रोध 50 ओहमच्या आसपास, त्याने बिघडत नाही. लाइन चालवायला टीएल072 नको, 12 व्होल्टवर एनई5532 घ्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या आधी फक्त 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवा. 600 ओहमशी मिळून तो 265 हर्ट्झच्या खालचं गाळतो, म्हणजे उरलासुरला हमही तिथेच अडतो.

लूपमध्ये बारीक आवाज दबतात अशी शंका येईल. वायरच्या इंडक्टन्समुळे 2 किलोहर्ट्झच्या वर प्रवाह घटतो खरा. पण कॉइलमधून मिळणारा सिग्नल वारंवारितेबरोबर वाढतो. दोन्ही एकमेकांना खोडतात आणि वरचा पट्टा सपाट राहतो. टोन कंट्रोलला हात लावायची गरज नाही.

बांधावरून:

लोकांना काय ऐकू येईल ते आधी नीट सांगा, नाहीतर सगळे 'शिट्ट्या' शोधत बसतील. तडतड चोवीस तास असते, हजारो किलोमीटरवरच्या विजांची. सूर्यास्तानंतर तास-दोन तासांनी त्यात 'प्यूं' असे पक्ष्यासारखे थेंब मिसळू लागतात. तो आवाज जमीन आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा उंचावरचा विद्युतभारित थर) यांच्यामधल्या पोकळीत बनतो. सुमारे 1.7 किलोहर्ट्झजवळच्या लहरी हळू पोचतात, म्हणून प्रत्येक टकटकीला शेपूट फुटतं. कार्यक्रम याच वेळी ठेवा. लांबलचक उतरणाऱ्या शिट्ट्या, ज्या पहिल्या महायुद्धात हाइनरिश बार्कहाउझेन यांना टेलिफोन लाइनवर ऐकू आल्या होत्या, त्या चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ क्वचितच येतात. तेव्हा त्यांचं आश्वासन देऊ नका.

वाऱ्यात नळीवर धूळ आपटली की खरखर होते. कधी एखादा किडा जवळून उडाला तर त्याच्या पंखांची गुणगुण हेडफोनमध्ये येते, कारण उडताना त्याच्या अंगावर विद्युतभार जमतो. तो बिघाड समजून सर्किट उघडू नका.

गडगडाट कानांनी ऐकू येऊ लागला की मात्र त्या क्षणी थांबा. केबल दोन्ही टोकांना काढा, नळी आडवी करा, सगळ्यांना पक्क्या, बंदिस्त इमारतीत न्या. दूरची वीज ऐकण्यासाठी असते. जवळची आली तर 300 मीटर केबल तिच्यासाठी तयार वाटच आहे.

माळरान:

केबल जमिनीवरच सोडू की पुरू? ट्रॅक्टर त्या वाटेने जातो.

फेराइट:

ट्रॅक्टरच्या वाटेवर 15 सेंटिमीटर खोल, पाइपमधून. लूपची वायरही पुरली तरी चालेल, माती या वारंवारितेला अडवत नाही. जोड मात्र जमिनीत ठेवू नका, खुंटीवर वर घ्या आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. पुरण्याआधी मीटरने लूपचा रोध मोजून कागदावर लिहा. कार्यक्रमाच्या दिवशी तोच आकडा आला नाही तर कुठेतरी तुटलंय हे लोक यायच्या आधी कळेल.