टायरचा शेकेल खरंच टायरचा का?

नचिकेत: टायर या प्राचीन फिनिशियन बंदराच्या शेकेल नावाच्या चांदीच्या नाण्यांबद्दल विनयराव लिहितात, "इ.स.पू. 18 नंतरचे टायरचे शेकेल ज्यूंचा राजा हेरोदाने जेरुसलेममध्ये पाडले, हे आता सर्वमान्य आहे." सर्वमान्य? तो नाणेतज्ज्ञ मेशोरेर यांचा तर्क आहे. नाण्यावर शेवटपर्यंत "पवित्र आणि अभय टायरचे" हीच ग्रीक अक्षरं, टायरचा देव मेल्कार्त याचं मस्तक, गरुड आणि टायरच्याच शकाचं वर्ष. केवळ त्या सुमारास नाण्यावर आलेल्या कप्पा-ऱ्हो या दोन ग्रीक अक्षरांवर अख्खी टांकसाळ उचलून नेता?

विनय: दोनच अक्षरं नाहीत. ती आल्यापासून ठसे ओबडधोबड झाले, तरी वजन 14 ग्रॅमच्या आसपास आणि चांदी 90 टक्क्यांच्या वर. रोमन सम्राट नीरोच्या काळी अलेक्झांड्रियाच्या टेट्राड्राम या नाण्यामध्ये निम्मीसुद्धा चांदी नव्हती! मग इथेच कस का जपला? जेरुसलेमच्या ज्यू मंदिराच्या अर्ध्या शेकेलच्या करासाठी. तोसेफ्ता या जुन्या ज्यू धर्मग्रंथात स्पष्ट आहे, टायरची चांदी म्हणजे जेरुसलेमची. आणि ही नाणी इ.स. 66 च्या, रोमविरुद्धच्या ज्यू बंडाच्या तोंडावर बंद होतात.

नचिकेत: मग बंडातले शेकेल हातात घेऊन बघा. पेला, तीन डाळिंबं, हिब्रू अक्षरं, कडा ठोकून सारख्या केलेल्या. कालपर्यंत ओबडधोबड गरुड उठवणारे कारागीर वर्षभरात एवढे तयार झाले?

सुनीता: अक्षरांवर भांडताय, पण ती शिल्लक राहतात कुठे? माझ्या काकांकडे एक शेकेल होता, गरुडाच्या पंखाखाली काळसर छान पॅटिना, म्हणजे काळाने चढलेला थर. काकूंनी दिवाळीच्या भांड्यांबरोबर चिंच आणि रांगोळीने घासला. पंख सपाट, गरुडाशेजारचं वर्ष गेलं. काका दोन दिवस जेवले नाहीत. चांदी लखलखीत हवी, हा हट्ट मला सहन होत नाही.

विनय: ताई, पण खाऱ्या मातीतल्या चांदीवर इतका जाड थर चढतो की तो काढल्याशिवाय वर्ष वाचताच येत नाही. सरसकट "हात लावू नका" म्हणणं चूक आहे.

सुनीता: काढू नका म्हटलंय का मी? ते काम प्रयोगशाळेचं आहे. विकणारे लिंबू चोळून "मूळ चमक" म्हणून किंमत वाढवतात, त्यांची बाजू घेऊ नका.

विनय: मी कुणाचीही बाजू घेत नाहीये! माझं नाणं मी डिस्टिल्ड पाण्यातच भिजवलं होतं, महिनाभर.

सुनीता: मग तुम्हाला बोलले नाही. पण लिंबूवाल्यांना माफी नाही.

नचिकेत: तोसेफ्ताचं वाक्य मला खोडता येत नाही, तेवढं मान्य. टांकसाळ मात्र अजून टायरमध्येच. विनयराव, त्या भिजवलेल्या नाण्याच्या गरुडाच्या बाजूचा फोटो टाका, कप्पा-ऱ्हो आहे का बघू.