मदत हवी आहे: शांत काळानंतर पूलमधली पहिली कनेक्शने १५ मिनिटे अडकून राहतात

नमस्कार.

वाइल्डफ्लाय या जावा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर आमची ऑर्डर, साठा आणि अहवाल अशी तीन एंटरप्राइझ अ‍ॅप्लिकेशन्स चालतात आणि तिन्ही एकाच डेटासोर्समधून (सर्व्हरवरच्या डेटाबेस-जोडणीच्या मांडणीतून) पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलतात. डेटाबेस वेगळ्या लिनक्स मशीनवर आहे आणि दोन्हींच्या मध्ये फायरवॉल आहे. पूलचे, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी उघडी ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्याचे, किमान आकारमान ५, कमाल २०, प्रीफिल (किमान कनेक्शने आधीच उघडून ठेवणे) चालू, आयडल टाइमआउट (रिकामे कनेक्शन काढून टाकण्याची मुदत) ३० मिनिटे. कनेक्शनची वैधता तपासणारी कोणतीही सेटिंग सध्या चालू नाही. जेएनडीआय नाव (ज्या नावाने डेटासोर्स शोधला जातो), डेटाबेस ड्रायव्हरचे मॉड्यूल, पासवर्ड, कोणाला कुठून जोडू द्यायचे हे ठरवणारी डेटाबेसच्या बाजूची पीजी-एचबीए फाइल हे सगळे तपासून झाले आहे. दिवसभर काम सुरळीत चालते, त्यामुळे दोष तिथे नसावा असे मला वाटते.

अडचण शांत काळानंतर येते. रात्रभर कोणी काम केलेले नसते आणि सकाळी पहिले काही जण लॉगिन करतात, तेव्हा त्यांचा स्क्रीन नुसता फिरत राहतो. परवा मी लॉग समोर ठेवून बसलो होतो. ९ वाजून ४ मिनिटांनी पहिली विनंती आली. ५ मिनिटांनी ट्रान्झॅक्शनची ३०० सेकंदांची मुदत उलटल्याची सूचना लॉगमध्ये उमटली, पण ती विनंती हाताळणारा थ्रेड सुटला नाही. तो ९ वाजून २० मिनिटांच्या सुमारास सुटला, तोही डेटाबेसकडे डेटा पाठवताना आय-ओ एरर आल्याचा संदेश देऊन. या वेळात एकूण पाच विनंत्या अशाच अडकल्या होत्या आणि सहाव्या माणसाचे काम मात्र क्षणात झाले. पाच हा आकडा पूलच्या किमान आकाराइतकाच आहे, हे लक्षात आल्यावर मला पहिला धागा मिळाला: आधीपासून उघडी असलेली पाचही कनेक्शने मेलेली होती आणि सहाव्यासाठी नवे उघडले गेले म्हणून ते चालले. गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की हे रोज होत नाही. एखाद्या सकाळी सगळे ठीक असते. दुपारी कन्सोलवरून टेस्ट कनेक्शन केले तर ते नेहमीच यशस्वी होते, त्यामुळे त्या चाचणीवर विसंबून आम्ही दोन आठवडे चुकीच्या दिशेने शोधत राहिलो.

नेटवर्क पाहणाऱ्या सहकाऱ्यांकडून कळले की २० मिनिटे ज्या कनेक्शनवर काहीच हालचाल नाही, त्याची नोंद फायरवॉल काढून टाकते आणि दोन्ही टोकांना तसे कळवत नाही. ही मुदत वाढवून मिळणार नाही. त्यावरून मी मांडलेला हिशेब असा: वाइल्डफ्लाय रिकामे कनेक्शन ३० मिनिटांच्या आत काढत नाही आणि त्याची फेरी या मुदतीच्या निम्म्या अंतराने, म्हणजे दर १५ मिनिटांनी होते, म्हणून एखादे कनेक्शन ४५ मिनिटांपर्यंतही पूलमध्ये राहू शकते. विसाव्या मिनिटापासून ते काढले जाईपर्यंत ते मेलेलेच असते. सकाळची पहिली विनंती या पट्ट्यात आली तर अडकते, नुकतीच नवी कनेक्शने भरली गेली असतील तर अडकत नाही. पंधरा मिनिटांचा आकडाही यात बसतो, कारण उत्तर न आलेले पाकीट लिनक्स मूळ सेटिंगप्रमाणे १५ वेळा पुन्हा पाठवते आणि त्यात साधारण ९२५ सेकंद जातात.

डेटाबेसच्या बाजूने याला पुष्टी मिळाली. पहाटे वाइल्डफ्लायच्या आकडेवारीत पूलमध्ये ५ कनेक्शने दिसत होती, तर पोस्टग्रेसच्या चालू सत्रांच्या यादीत, म्हणजे पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये त्याच युजरची १९ सत्रे आयडल अवस्थेत होती. वाइल्डफ्लायने कनेक्शन बंद केल्याचा निरोप फायरवॉलपाशीच अडत असल्यामुळे पोस्टग्रेस ती सत्रे जिवंत समजून धरून ठेवत असणार. कनेक्शनच्या यूआरएलमध्ये टीसीपी-कीपअलाइव्ह (रिकामे कनेक्शन जिवंत आहे का याची कर्नलने अधूनमधून केलेली विचारपूस) चालू करूनही काही फरक पडला नाही, आणि त्याचे कारण आता उघड आहे: कर्नलची पहिली विचारपूस ७२०० सेकंदांनी जाते, तोवर फायरवॉलने कनेक्शन कधीच विसरलेले असते.

निदान बरोबर आहे असे धरले, तर उपाय कोणता निवडावा इथे मी अडलो आहे.

आयडल टाइमआउट १० मिनिटे केला तर वरच्या हिशेबाने कोणतेही रिकामे कनेक्शन १५ मिनिटांपेक्षा जुने होणार नाही आणि फायरवॉलच्या मुदतीपर्यंत ५ मिनिटे हाताशी राहतील. हा बदल सर्वांत लहान आहे. पण उद्या कोणी फायरवॉलची मुदत आणखी कमी केली तर आम्ही पुन्हा तिथेच येऊ, म्हणून केवळ यावर अवलंबून राहणे मला पटत नाही.

व्हॅलिडेट-ऑन-मॅच (पूलमधून कनेक्शन देण्याआधी ते तपासणे) सुरू करावे असे बहुतेक जण सुचवतात. माझी शंका अशी की असे मेलेले कनेक्शन तपासायला पाठवलेली क्वेरीच १५ मिनिटे उत्तराची वाट पाहत बसेल. मग तपासणीचा उपयोग काय? त्यासाठी ड्रायव्हरला सॉकेट टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची कमाल मुदत) द्यावा लागेल असे दिसते. तो ३० सेकंद ठेवला तर ऑर्डर आणि साठा यांना चालेल, पण महिनाअखेरच्या साठा-अहवालाची एक क्वेरी ११ मिनिटे चालते आणि ती मध्येच तुटेल. त्या क्वेरीत सुधारणा सुरू आहे, तरी ती ३० सेकंदांत येईल अशी आशा नाही.

अहवालांसाठी वेगळा डेटासोर्स करावा, तर दुसरी अडचण उभी राहते. अहवाल तयार झाला की त्याच जेटीए ट्रान्झॅक्शनमध्ये (सर्व्हरने सांभाळलेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये) ऑर्डरच्या डेटासोर्सवरही एक नोंद लिहिली जाईल. साधे, एक्सए (अनेक डेटासोर्सवर एकच ट्रान्झॅक्शन दोन टप्प्यांत पूर्ण करण्याची पद्धत) नसलेले दोन डेटासोर्स एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आले तर वाइल्डफ्लाय ते नाकारते. दोन्ही एक्सए केले तर पोस्टग्रेसमध्ये प्रिपेअर्ड (पहिला टप्पा होऊन अंतिम मंजुरीसाठी थांबलेल्या) ट्रान्झॅक्शन्सची मर्यादा, जी मुळात शून्य असते, ती वाढवावी लागेल आणि सर्व्हर मध्येच पडला तर अर्धवट राहिलेल्या ट्रान्झॅक्शन्सकडे कोणीतरी लक्ष ठेवावे लागेल. केवळ एका नोंदीसाठी एवढा पसारा मांडायचा, की ती नोंद वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये काढायची? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण अहवाल झाला आणि नोंद राहिली तर आम्हाला ती मागाहून भरता येते.

बॅकग्राउंड व्हॅलिडेशन (रिकामी कनेक्शने ठरावीक अंतराने आपोआप तपासणे) दर ६० सेकंदांनी ठेवले तर रिकाम्या कनेक्शनवर सतत हालचाल राहील आणि फायरवॉलची २० मिनिटे कधी भरणारच नाहीत, असाही एक मार्ग सुचतो. ज्यांनी उत्पादन सर्व्हरवर हा मार्ग वापरला आहे, त्यांना सॉकेट टाइमआउट न देता केवळ याने भागले का? आणि अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरच्या मशीनवर कीपअलाइव्हची वेळ ७२०० वरून ६०० सेकंद केली, तर डेटाबेसच्या मशीनवरही ती कमी करणे आवश्यक आहे का, की एका टोकाची विचारपूस पुरते? डेटासोर्सची पूर्ण मांडणी आणि त्या सकाळचा थ्रेड डंप (कोणता थ्रेड कुठे अडकला होता याची नोंद) माझ्याकडे जपून ठेवला आहे. जो भाग पाहायचा असेल तो सांगावा, पासवर्ड आणि पत्ते काढून लगेच देतो.