मदत हवी आहे: सर्व सोयींची टूरिंग मोटरसायकल घ्यावी की सुटसुटीत?

निर्णय बाकी
दोन वापरलेल्या मोटरसायकली समोर आहेत आणि या आठवड्याअखेरीस मला एकीसाठी होकार द्यायचा आहे. विक्रेता त्यापुढे थांबायला तयार नाही. एकीला वारा अडवणारी मोठी काच, पेट्या, क्रूझ कंट्रोल (मूठ न पिळता वेग कायम ठेवणारी सोय), ध्वनियंत्रणा असे सर्व काही आहे. दुसरी जवळजवळ उघडी आहे, पण इंजिन तेच. दोन्ही चालवून पाहिल्या आणि दोन्ही आवडल्या, हीच अडचण आहे. "मनाला विचारा" असे कृपया सांगू नका. लांबच्या प्रवासाला कोणती घ्यावी, एवढेच स्पष्ट सांगा.

रानवाट
गाड्या कोणत्या, आपली उंची किती, सरासरी वेग काय आणि मागे कोणी बसणार आहे का, हे कळल्याशिवाय दिलेले उत्तर निरुपयोगी ठरेल.

निर्णय बाकी
इंजिन तेच म्हटल्यावर अंदाज येईल असे वाटले होते. सजलेली ती २०१२ ची होंडा गोल्डविंग जीएल१८०० आणि उघडी ती २०१४ ची होंडा व्हॅल्किरी एफ६सी. उंची मध्यम, वेग महामार्गावर सगळ्यांचा असतो तेवढाच. आता तरी सांगा.

अखंड मैल
गोल्डविंग घ्या. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ८० किलोमीटरवरून १२० वर गेलात की तो सव्वादोन पट होतो, आणि उघड्या गाडीवर तो सगळा छातीवर आणि हेल्मेटवर येतो. पहिला तासभर ते सुखावह वाटते. दुपारनंतर मात्र आपण हँडल धरलेले नसून हँडलला लटकलेलो आहोत हे मनगटे सांगू लागतात, मान आखडते आणि मुक्कामी पोहोचल्यावर कोणाशी बोलण्याचीही इच्छा उरत नाही. शिवाय व्हॅल्किरीला क्रूझ कंट्रोल नाही.

दहाचा पाना
वरील मताशी मी पूर्णपणे असहमत आहे. व्हॅल्किरी त्या काळच्या गोल्डविंगपेक्षा सुमारे ७० किलोंनी हलकी आहे, म्हणजे एक माणूस खाली उतरवल्यासारखाच फरक. वेगात तो जाणवत नाही, पण खडी पसरलेल्या जागेत हँडल पूर्ण वळवून, एक पाय टेकवत गाडी फिरवताना तो पाय सरकला की प्रत्येक किलो मोजला जातो. दुसरे म्हणजे देखभाल. जीएल१८०० चा एअर फिल्टर बदलायचा तर वरचे बरेच प्लास्टिक काढावे लागते, आणि इतक्या वर्षांनी त्याच्या खुंट्या ठिसूळ झालेल्या असतात. एक तुटली की प्रत्येक खड्ड्याला खडखड सुरू होते.

अखंड मैल
एअर फिल्टर रोज बदलावा लागत नाही, वारा मात्र रोज असतो. आणि वजनाबद्दल बोलताना आपण एक गोष्ट वगळलीत. गोल्डविंगला विजेवर चालणारा रिव्हर्स आहे, व्हॅल्किरीला तो नाही.

दहाचा पाना
रिव्हर्स गाडी मागे घेतो, कलंडू लागलेली गाडी सावरत नाही. आणि काच असली म्हणजे वारा संपला असेही नाही. काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला प्रवाह नेमका हेल्मेटवर आदळला तर डोके सतत हलत राहते, आणि उघड्या गाडीवरील सलग वाऱ्यापेक्षा तो त्रास वाईट असतो.

जुनी नोंद
या वादात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९७५ मध्ये आलेली पहिली गोल्डविंग, जीएल१०००, स्वतःच उघडी होती. लांब जाणाऱ्यांनी तिला बाहेरून काच आणि पेट्या बसवून घेतल्या, आणि १९८० मध्ये कंपनीनेच इंटरस्टेट या नावाने तसे सजवलेले रूप आणले. पुढे १९९७ च्या पहिल्या व्हॅल्किरीने पुन्हा ते सारे उतरवले. मला ती पहिली व्हॅल्किरीच अधिक देखणी वाटते. मिळाली तर तिचाही विचार करावा.

मधला मार्ग
मग व्हॅल्किरी घेऊन तिला काच आणि कापडी बॅगा लावाव्यात. उघड्या गाडीवर सामान चढवता येते, पण सजलेल्या गाडीचे फेअरिंग, म्हणजे पुढचे वारा अडवणारे आवरण, उतरवता येत नाही, कारण मीटर, दिवे आणि अर्धे वायरिंग त्यातच बसवलेले असते.

अखंड मैल
हा मार्ग अनेकजण सुचवतात, परंतु काचेने फक्त छाती वाचते. पावसात हात आणि गुडघे भिजतातच, आणि कापडी बॅगा प्रत्येक थांब्यावर सोडून आत न्याव्या लागतात.

रानवाट
माझा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. मागे कोणी बसणार आहे का?

निर्णय बाकी
पत्नी बसणार आहे, हे मी गृहीतच धरले होते. तिला कंबरेचा त्रास आहे. आणखी एक, गाडी उतारावर नाक खाली करून उभी राहील. दुसरी जागा नाही.

रानवाट
हे पहिल्याच वाक्यात यायला हवे होते. वरची बहुतेक चर्चा चालवणाऱ्याच्या सोयीची आहे, आणि तुमचा प्रश्न मागे बसणाऱ्या व्यक्तीचा आहे. गोल्डविंगच्या मागच्या पेटीला पाठ टेकण्याची गादी असते, त्यामुळे गाडी वेग घेते तेव्हा पाठीला आधार मिळतो. व्हॅल्किरीची मागची बैठक लहान आहे आणि आधार नसल्यामुळे कंबरेचे स्नायू प्रवासभर ताणलेले राहतात. उतारावरून गाडी मागे खेचायची असेल तर रिव्हर्स ही चैन राहत नाही. मात्र एक काळजी घ्या. पेट्या मोठ्या आहेत म्हणून त्या भरायच्या नसतात. वजनाची मर्यादा दोघे आणि सामान मिळून असते, आणि मागच्या चाकाच्या मागे असलेल्या वरच्या पेटीत जड वस्तू ठेवल्यास पुढचे चाक हलके होते. जड सामान बाजूच्या पेट्यांत, तळाशी ठेवावे.

दहाचा पाना
कंबरेचा त्रास आणि उतार असेल तर माझाही आग्रह नाही. एकट्याने फिरणाऱ्याबाबत मात्र माझे मत कायम आहे.

चाकांची बाजू
टायरवर चार अंकी आकडा कोरलेला असतो. पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. नक्षी शाबूत असली तरी टायर जुने असतील तर ते बदलूनच घ्यावेत.

निर्णय बाकी
टायरबद्दल मी विचारले नव्हते, पण पाहीन. उद्या पत्नीला घेऊन दोन्ही गाड्यांवर अर्धा-अर्धा तास डबलसीट फिरून येतो; विक्रेत्याने त्याला मान्यता दिली आहे.

रानवाट
अर्ध्या तासात कंबर काहीच सांगणार नाही. किमान दोन तास मागून घ्या, आणि निघण्यापूर्वी गोल्डविंग तुमच्यासारख्याच एखाद्या उतारावर उभी करून रिव्हर्स चालतो का ते पाहा.