दिवाळखोरी जाहीर करता येते का? कर्ज साडेवीस लाख, पगार ५८ हजार (ठाणे)

कळवा_ऐरोली_कळवा

नमस्कार. हा आयडी मुद्दाम नवा काढलाय, जुन्यावर नातेवाईक आहेत.

वय ३९. राहायला कळव्यात, बाबांच्या फ्लॅटमध्ये. नोकरी ऐरोलीत, खासगी कंपनी. हातात ५८,४०० येतात. दोन वर्षांपूर्वी एका मित्राबरोबर घणसोलीत पोळीभाजी केंद्र काढलं. चौदा महिने चाललं. मग मित्र गावी गेला, डिपॉझिट थकलेल्या भाड्यात वळतं झालं आणि कर्ज सगळं माझ्या नावावर राहिलं, कारण सॅलरी स्लिप माझी होती.

आजची स्थिती: बँकेचं पर्सनल लोन ६ लाख ८० हजार बाकी, एका फायनान्स कंपनीचं ३ लाख १० हजार, तीन क्रेडिट कार्डं मिळून सव्वाचार लाख, दोन ॲपचे ८५ हजार, पतपेढीचे ४ लाख, मेव्हण्याकडून हातउसने दीड लाख. मेव्हणा सोडून बाकीचे हप्ते आणि कार्डांचे मिनिमम ड्यू धरले तर महिन्याला ७०,७०० लागतात. म्हणजे पगाराच्या दिवशीच बारा हजार कमी, आणि घरात अजून दूधसुद्धा आलेलं नाही. सहा महिने एका कार्डातून काढून दुसऱ्याचं भरतोय. आता फिरवायला कार्ड उरलेलं नाही.

पतपेढीला जामीनदार दोन: बाबा आणि ऑफिसमधला एक मित्र. घरात फक्त बायकोला माहीत आहे.

तिच्या मावसभावाने अमेरिकेत बँकरप्सी फाइल केली. पाच महिन्यांत कार्डांचं सगळं माफ. आपल्याकडे असं काही आहे का? ठाण्यात कुठे करतात, वकील कसा शोधायचा, आणि मुख्य म्हणजे बाबांचा फ्लॅट जाईल का?

सेक्टर_सतरा

बाबांना सांगून फ्लॅट आधी बहिणीच्या नावावर गिफ्ट डीड करून टाका. मग खुशाल हात वर करा. कोण काय घेणार?

निवृत्त_कारकून

सेक्टर सतरा, असले सल्ले चहाच्या टपरीवर द्या, इथे नको. देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण कोर्ट उलटवू शकतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३ त्यासाठीच आहे. गंमत म्हणजे नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायद्यातही हाच विषय कलम ५३ मध्येच येतो: नादार ठरण्याआधीच्या दोन वर्षांत फुकट दिलेली मालमत्ता परत ओढता येते.

आता मूळ प्रश्न. मी कोर्टात नोकरी केली, वकील नाही. तेवढं लक्षात ठेवून वाचा.

दिवाळखोरीची नवी संहिता २०१६ ची. तिच्यात व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे, पण तो १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू केलाय. तुमच्यामाझ्यासारख्या पगारदाराला तो भाग लागू नाही. आपल्याला इंग्रजांचाच कायदा. त्यातही मौज बघा: मुलुंडचा टोलनाका ओलांडला की कायदा बदलतो. मुंबईला १९०९ चा, अर्ज हायकोर्टात. ठाण्याला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, अर्ज जिल्हा न्यायालयात, म्हणजे कोर्ट नाक्याला. (खारघर, कामोठेवाले रायगड जिल्ह्यात मोडतात, त्यांनी ठाण्याला येऊ नये.) आमच्या शाळेत नादारी म्हणजे फीमाफी असायची. त्यामुळे नोकरीत पहिल्यांदा 'नादारी अर्ज' हाती आला तेव्हा मला वाटलं, कोणाच्या तरी मुलाच्या फीचं प्रकरण आहे.

अर्ज करायला कर्ज पाचशे रुपयांचं असलं तरी चालतं, कायद्यात अजून तोच आकडा आहे. पण पुढचं ऐका. नादार ठरलात की तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. देणेकरी कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर दावा लावू शकत नाहीत, हा फायदा. तारण असलेल्या कर्जाला मात्र त्याने काही फरक पडत नाही. नंतर कर्जातून मुक्ततेचा अर्ज वेगळा करायचा. तिथे कोर्ट विचारतं की मालमत्तेतून रुपयामागे आठ आणे तरी निघतात का, आणि फेडता येणार नाही हे माहीत असताना कर्ज घेतलं का. तुम्ही सहा महिने कार्डं फिरवलीत. स्टेटमेंटवर तारीखवार दिसतंय.

आणि तुमच्यासाठी खरी अडचण वेगळीच. मुक्तता मिळाली तरी ती तुम्हाला मिळते. जामीनदार सुटत नाही, कायद्यात स्पष्ट लिहिलंय. तुम्ही कोर्टात मोकळे झालात की पतपेढी सरळ बाबांकडे आणि त्या मित्राकडे जाणार.

माझ्या सगळ्या नोकरीत पगारदार माणसाचा नादारी अर्ज हाताच्या बोटांवर मोजण्याइतका पाहिला. त्यातला झटपट निकाली निघालेला एकही आठवत नाही. अमेरिकेतल्या मावसभावाला शुभेच्छा, पण ते प्रकरण इथे नाही.

घोडबंदर_ट्रॅफिकग्रस्त

आज तीन तास गायमुखला अडकलोय म्हणून सविस्तर लिहितो.

कारकूनकाका म्हणतात ते बरोबर, त्यात पतपेढीचं थोडं वाढवतो. माझा सासरा एका पतसंस्थेत वसुलीला होता. सहकारी पतसंस्थेला दिवाणी दावा लावत बसावं लागत नाही. सहकार खात्याच्या निबंधकाकडून सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढतात, की वसुली अधिकारी जप्ती करू शकतो. जामीनदाराच्या घराचीसुद्धा. दाखल्याला आव्हान द्यायचं तर आधी निम्मी रक्कम भरा. बँकेची कार्डवाली मुलं दिवसाला वीस फोन करतील, पतपेढीवाला एकदाच येऊन बसेल. पण वीस फोनवाल्याकडे तारण नाही, जामीनदार नाही, आणि याच्याकडे तुमचे बाबा आहेत. माणूस ज्याचा आवाज मोठा त्याला आधी पैसे देतो. इथे उलटं करा.

पतपेढीने कोरे चेक घेतले असतील, बहुतेक घेतातच. कर्ज थकणं हा गुन्हा नाही, चेक न वटणं मात्र चेकच्या कायद्याच्या कलम १३८ खाली येतं: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खात्यातून हप्ता आपोआप कापायची जी सही केलेली असते, तो हप्ता बाऊन्स झाला तरी २००७ च्या पेमेंट कायद्यात तशीच तरतूद आहे. नोटीस आली तर पंधरा दिवसांत काहीतरी हालचाल करा, कपाटात ठेवू नका.

कळवा_ऐरोली_कळवा

कोरे चेक घेतलेत. पाच.

आणि एक. काल एका नंबरवरून व्हॉट्सॲपला 'अजामीनपात्र वॉरंट' आलं, अशोकस्तंभ आणि शिक्का वगैरे. रात्री साडेनऊला. बायको घाबरलीय.

पारसिकची_वहिनी

ते वॉरंट मोठं करून बघा, 'न्यायालय'मधला 'न्या' सुटलेला असेल. मला आलेल्यात सुटला होता. वॉरंट पोलीस घेऊन येतात, व्हॉट्सॲप नाही. वसुलीच्या फोनची वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सात, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. साडेनऊचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, बँकेला ईमेलवर तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, पैसे लागत नाहीत. चौकशीला १४४४८. ॲपवाले नातेवाइकांना फोटो पाठवायची धमकी देत असतील तर ती सायबर पोलिसांकडे, १९३०.

मी यातून गेलेय म्हणून लिहितेय. नवऱ्याचं काम गेलं तेव्हा आमच्यावर अकरा लाख होते. पहिलं काम केलं ते कपाटाच्या दाराला आतून वहीचा कागद चिकटवला. चार रकाने: कोणाचं, किती, जामीनदार कोण, चेक दिलाय का. तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात काहीतरी लिहिलेलं होतं ते आधी भरायचं, भांडी विकून का होईना. ज्यांच्यापुढे दोन्ही रकाने रिकामे, त्यांना थांबवलं. म्हणजे खरंच थांबवलं, मिनिमम ड्यूसुद्धा नाही. कार्डाला महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, मिनिमम भरून मुद्दल हलतच नाही. आम्ही दोन वर्षं भरत होतो आणि आकडा जिथल्या तिथे.

थांबवण्याआधी एक करा: ज्या बँकेचं कार्ड किंवा लोन आहे तिथेच पगार जमा होत असेल तर खातं बदला. बँक स्वतःच्या बाकीत वळते करून घेते. आमचा एक पगार असा गेला. त्या महिन्यात गॅस सिलिंडर शेजारणीकडून.

पाच-सहा महिन्यांनी कार्डवाल्यांनीच तडजोडीचं काढलं. २ लाख १० हजारांचं कार्ड ९५ हजारांत, तीन हप्त्यांत. एजंट म्हणाला आजच पंचवीस गुगल पे करा, पत्र नंतर येईल. मी म्हटलं, पत्र आधी. बँकेच्या लेटरहेडवर, कार्ड नंबर, रक्कम, तारखा आणि 'यानंतर काही बाकी नाही' हे वाक्य. अकरा दिवस तो रोज फोन करत होता. बाराव्या दिवशी पत्र आलं. पैसे एजंटला नाही, कार्डाच्या खात्यातच भरले.

तोटाही सांगते. सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा येतो. मागच्या वर्षी डोंबिवलीला घर बघितलं, होम लोन त्या एका शब्दावर नाकारलं. सोसायटीच्या गेटवर एजंट आला होता, वॉचमनला माझं नाव विचारून गेला. महिनाभर लिफ्टमध्ये कोणी बोलायचं नाही.

कळवा_ऐरोली_कळवा

वहिनी, आभार. पगार त्याच बँकेत आहे, उद्याच बघतो. कार्डवाल्यांनी कोर्टात खेचलं तर? पगार सगळा जप्त होतो का?

निवृत्त_कारकून

सगळा नाही. दिवाणी हुकूमनाम्यात पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. ५८,४०० धरले तर ढोबळ हिशेबाने महिना १९,१३३ पर्यंत जप्त होऊ शकतात, तेही एका हुकूमनाम्यात एकूण २४ महिने झाले की त्या हुकूमनाम्यापुरतं कायमचं थांबतं. भविष्यनिर्वाह निधीला हात लागत नाही. अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, कपडे आणि रूढीप्रमाणे स्त्री अंगावेगळे करत नाही ते दागिनेही जप्तीबाहेर, म्हणजे मंगळसूत्र सुरक्षित. वहिनींना भांडी विकावी लागली असतील तर त्यांनी स्वखुशीने.

तुरुंगाचं म्हणाल, तर ऐपत नाही एवढ्यावरून कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलंय. ऐपत असून लबाडी केली तर गोष्ट वेगळी. म्हणूनच ते गिफ्ट डीड नको.

दाव्याआधी बहुधा लोकअदालतीची नोटीस येईल. लोक ती समन्स समजून घाबरतात आणि जात नाहीत. जा. फी नाही, समोर बँकेचा माणूस असतो, आणि तिथली तडजोड हुकूमनाम्यासारखी पक्की होते, तिच्यावर अपील नाही. म्हणून झेपेल तोच आकडा बोला. वकिलासाठी कोर्ट नाक्यालाच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा किंवा १५१०० लावा. मोफत वकील तुमच्या उत्पन्नाला मिळणार नाही, बायकांना मात्र उत्पन्न न बघता मिळतो. 'कर्जमुक्ती' म्हणून स्टेशनबाहेर पत्रकं वाटणारे जे आहेत, आधी पंधरा हजार द्या म्हणणारे, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

मिसळ_आणि_मिस्ड_कॉल

पैसे कमी पडले म्हणून महिना दहा टक्केवाल्याकडे जाऊ नका एवढंच. आमच्या विटाव्यात एक जण गेला, चाळीस हजारांचे दीड लाख भरून अजून चाळीस बाकी. परवाना नसलेली सावकारी २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे. परवानाधारक सावकारालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, आपली जुनी दामदुप्पट. बँकेला ती लागू नाही, नाहीतर हा धागाच निघाला नसता.

सेक्टर_सतरा

गिफ्ट डीडचं मागे घेतो. माझ्या चुलत्याने केलं होतं आणि चाललं होतं, म्हणून म्हटलं.

निवृत्त_कारकून

चाललं नव्हतं, कोणी बघितलं नव्हतं.

कळवा_ऐरोली_कळवा

तीन आठवड्यांनी लिहितोय. खातं बदललं, पगार नव्या बँकेत आला. कागद कपाटाला लावला. पतपेढीचा हप्ता १०,४०० पहिल्याच दिवशी भरला. मॅनेजरला सांगितलं की मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का बघा, ते पुढच्या मीटिंगला ठेवणार आहेत. तिन्ही कार्डांचं भरणं थांबवलं, दोन बँकांना ईमेल केला की नोकरी आहे, देण्याची इच्छा आहे, एवढं झेपत नाही. फायनान्स कंपनीचं अजून भरतोय, कारण त्यांच्याकडे चेक आहेत. परवा सकाळी ठाण्याला नऊ नंबरवर पनवेल गाडीची वाट बघेपर्यंत सतरा फोन आले. गाडीत रेंज जाते, बरं वाटतं.

मेव्हण्याचे दीड लाख कुठल्या रकान्यात लिहू कळत नव्हतं. बायको म्हणाली, पाचवा रकाना काढ.

बाबांना रविवारी सांगितलं. ते उठून गॅलरीत गेले आणि अर्धा तास कुंड्यांना पाणी घालत होते, पाऊस पडत असताना. मग आत येऊन पतपेढीचं पासबुक मागितलं, चष्मा लावून एकेक नोंद वाचली आणि विचारलं, मार्चचा हप्ता दोनदा कसा पडलाय? खरंच दोनदा पडला होता. उद्या ते स्वतः जाणार आहेत विचारायला.

ऑफिसमधल्या जामीनदार मित्रालाही कॅन्टीनमध्ये सांगून टाकलं. काही बोलला नाही. चहाचे पैसे मात्र पहिल्यांदाच मला द्यायला लावले.