मदत हवी आहे: रानातल्या अळंबीची खालची बाजू फोटोत कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

माहेर सावंतवाडीचं, त्यामुळे पावसाळ्यात आंबोलीला जाणं होतंच. बेडूक, साप आणि धबधबे टिपणारे तिथे खंडीभर आहेत, म्हणून मी अळंबीच्या मागे लागले. फोटो दिसायला बरे येतात, नातेवाईक कौतुकही करतात. पण ओळख पटावी म्हणून आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकून ओळख विचारण्याचं संकेतस्थळ) टाकले की कुणीतरी 'बुरशी' एवढंच लिहून जातो. तेवढं मलाही ठाऊक होतं हो! शेवटी एका जाणकारांनी कळवलं, टोपीच्या खाली गिल्स (पातळ पडद्यांसारख्या पट्ट्या) आहेत की बारीक भोकं, दांड्याला कडं आहे का, बूड कसं आहे, हे दिसल्याशिवाय कुणी काही सांगणार नाही.

आता अडचण अशी, की अळंबी बोटभर उंच. कॅमेरा तितका खाली जात नाही, आणि गेला तरी चिखलात आडवं पडून व्ह्यूफाइंडरला डोळा लावणं माझ्या मानेला झेपत नाही. उपटून उलटी करायची नाहीये.

शिवाय दोन त्रास: पांढरी टोपी फोटोत जळून जाते, नुसता पांढरा ठिपका उरतो. आणि सगळ्याच फोटोंवर हिरवट झाक येते.

सामान: जुना क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, १८-५५ची किट लेन्स, साधा ट्रायपॉड आणि फोन. 'मॅक्रो लेन्स घ्या' हा सल्ला कृपया नको, तो मिळालेला आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आगाऊ धन्यवाद.

ता. क. रात्री चमकणाऱ्या अळंबीबद्दलही कुणी सांगितलं तर हवंच आहे.

प्रतिसाद १

ताई, आधी फोन उलटा धरा. अक्षरशः उलटा, म्हणजे लेन्सची बाजू खाली येते आणि जमिनीला टेकते. तिथून थोडा वर कलवला की गिल्स दिसतात. स्क्रीन वर राहते, मानेचा प्रश्न मिटला. बोट दाबून ठेवून फोकस कुलूपबंद करा आणि स्क्रीनवरची उजेडाची खूण खाली ओढून फोटो थोडा काळपट करा.

टोपी फारच खाली झुकलेली असेल तर दातांचे डॉक्टर वापरतात तो दांडीचा छोटा आरसा. सर्जिकलच्या दुकानात मिळतो. टोपीखाली सरकवायचा आणि आरशातल्या प्रतिमेवर फोकस करायचा, आरशाच्या कडेवर नाही. अळंबीला धक्काही लागत नाही.

टोपी जळते कारण कॅमेरा सगळ्या चौकटीच्या उजेडाची सरासरी काढतो. भोवती काळपट पाचोळा, मधे एवढीशी पांढरी टोपी. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि बळी जातो टोपीचा. स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्यापुरता उजेड मोजणं) टोपीवर घ्या, किंवा सरळ एक्स्पोजर उणे १ करा. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा, पाचोळा नंतर उजळता येतो, जळलेली टोपी परत येत नाही.

हिरवी झाक खरीच असते, कारण उजेड पानांतून गाळून येतो. अळंबीच्या जागी राखाडी कार्ड धरून कस्टम व्हाइट बॅलन्स करा, म्हणजे त्या उजेडातला खरा राखाडी कोणता हे कॅमेऱ्याला कळतं. अळंबीलाच पांढरी मानून दुरुस्ती करू नका. तिचा रंग दुधी आहे की पिवळसर, हेच तर ओळखणाऱ्याला हवं असतं. छत्री काळी घ्या, रंगीत छत्रीखाली तिचा रंग टोपीवर उतरतो.

किट लेन्स ५५ला, छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ ते ११, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून), दोन सेकंदांचा टायमर. शटर पाव सेकंदावर गेलं तरी चालेल, वारा पडेपर्यंत थांबायचं. ट्रायपॉडऐवजी तांदूळ भरलेली पिशवी जमिनीवर ठेवा, कॅमेरा तिच्यात रुतून बसतो. (तांदूळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून भरा, नाहीतर घरी येईपर्यंत वास सुटतो.) खालून उजेड हवा असेल तर स्टीलच्या डब्याचं झाकण. फ्लॅश नको, ओल्या टोपीवर चट्टे पडतात.

एका अळंबीचे निदान चार फोटो: वरून, बाजूने, खालून आणि आजूबाजूचा परिसर. शेवटचा लोक विसरतात. ती कुजक्या लाकडावर आहे, पाचोळ्यात आहे, शेणावर आहे की वारुळावर, यावरून अर्धी यादी गळते. आकारासाठी मिलिमीटरची पट्टी ठेवा. रुपयाचं नाणं नको, तीच नाणी दोन-तीन आकारांत निघाली आहेत.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, फक्त 'उपटायची नाही' याबद्दल थोडं. आपण पाहतो ते बुरशीचं फळ, मुख्य पसारा माती-लाकडात धाग्यांचा असतो. स्वित्झर्लंडमध्ये १९७५ पासून सुमारे तीन दशकं चाललेल्या एका अभ्यासात, वर्षानुवर्षं अळंबी काढूनही पुढचं पीक किंवा जातींची संख्या घटली नाही. घट दिसली ती माणसांच्या पायांखाली जमीन तुडवली गेली तिथे. म्हणजे फोटोसाठी भोवती गोल फिरणारा, गुडघे टेकणारा माणूस जास्त महागात पडतो! एका दगडावर बसा आणि तिथूनच काय ते करा.

अर्थात, याचा अर्थ उपटा असा नाही. राखीव जंगल असो वा अभयारण्य, परवानगीशिवाय काही उचलायचं नसतं.

प्रतिसाद ३

अवांतर: अळंबीचे फोटो काढता काढता लेन्समध्येच बुरशी धरेल, सांभाळा. आमच्याकडे कोकणात हे नेहमीचं. घरी आल्यावर बॅग बंद करून ठेवू नका. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. आकडा ५० टक्क्यांच्या आसपास राहू द्या.

चमकणाऱ्या अळंबीला खरं तर वेगळा धागा हवा. थोडक्यात: अमावस्येच्या आसपासची रात्र, बॅटरी बंद करून अर्धा तास डोळे अंधाराला सरावू द्या. मग लेन्स १८ला, एफ ३.५, आयएसओ ३२००, ३० सेकंद. कमी पडलं तर बल्ब मोडवर (हवा तितका वेळ शटर उघडं ठेवता येतं) दोन-तीन मिनिटं. फोकस आधी टॉर्चच्या उजेडात करून मॅन्युअलवर टाकायचा. डोळ्यांना ती फिकट पांढुरकी दिसते आणि फोटोत हिरवी, कारण अंधारात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाही. वनखात्याची परवानगी आणि गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय रात्री शिरू नका.

धागालेखिका

सर्वांचे मनापासून आभार. उलटा फोन जमला! सोबतच्या गावातल्या आजींनी 'बाय माझे, फोन उलटो धरलंस' म्हणून टोकलंसुद्धा. आता एक प्रश्न: कुजक्या फांदीवर गुलाबी पेल्यासारखी, काठावर बारीक केस असलेली. हिला टोपीच नाही, मग खालून काय टिपायचं?

प्रतिसाद १

ती कूकिना असावी. पेल्याची बुरशी, गिल्स नसतातच. बीजाणू आतल्या गुळगुळीत बाजूवर तयार होतात, म्हणून वरून तिरका एक आणि बाजूने केस दिसतील असा एक फोटो पुरे. केसांसाठी उजेड मागून येऊ द्या. पेल्यात पाणी साचलं असेल तर तसंच राहू द्या, ओतायला जाऊ नका.

प्रतिसाद ४

खाण्याजोगी कोणती, तेही फोटोवरून सांगा की राव!

प्रतिसाद २

नाही सांगणार. क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स ही हिरवळीवर उगवणारी मोठी पांढरी अळंबी वरून अगदी खाण्यासारखी दिसते, कोवळेपणी गिल्सही पांढऱ्याच. पुढे त्या हिरवट होतात, आणि खाणाऱ्याला उलट्या-जुलाब. फोटो कोवळेपणीचा असेल तर कोण काय सांगणार?